तीन बटणं आणि एक सोंगाड्या

किरणोत्सर्गानं ज्याचा केसही वाकडा होत नाही असा ताडमाड गडी तुमच्या शेजारी उभा आहे. समोरच्या खोलीत किरणोत्सर्ग ठासून भरलाय. आत जाऊन तीन आकडे दाबले की अख्ख्या मुलखाला स्वच्छ पाणी मिळणार आणि दाबणारा मरणार. तुम्ही साहजिकच त्या गड्याकडे बघता. तो म्हणतो, हे तुझं प्राक्तन आहे, मी त्याच्या आड येणार नाही.

२००८ साली आलेल्या ‘फॉलआउट ३’ या गाजलेल्या गेमचा हा शेवट. गड्याचं नाव फॉक्स. गंमत अशी, की गेमच्या मधल्या एका टप्प्यात याच फॉक्सनं तुमच्यासाठी असल्याच किरणोत्सर्गातून चालत जाऊन एक यंत्र आणून दिलेलं असतं. तेव्हा प्राक्तन बहुधा रजेवर होतं. बरं, फॉक्स नको तर सोबत यंत्रमानव घ्या, किरणोत्सर्ग पचवलेला दुसरा एखादा भिडू घ्या. सगळ्यांचं उत्तर तेच. जणू लेखकानं पडद्यामागून प्रत्येकाच्या कानात सांगितलंय, हा आज मेलाच पाहिजे, कुणी मदत करू नका रे.

आमच्या बोरी बुद्रुकात शेतीच्या लाईटची रात्रपाळी असते. मोटार चालू करायला मध्यरात्री उसाच्या कडेकडेनं जावं लागतं, आणि जुन्नर तालुक्यातला ऊस म्हणजे बिबट्याचं माहेर. अशा वेळी ट्रॅक्टरवर दिवे लावून बसलेला भाऊबंद ‘चालत जा, तुझं प्राक्तन आहे’ म्हणाला असता, तर त्याच्या पोराच्या लग्नाला गावातलं कुत्रंही गेलं नसतं. गेमवाल्यांना मात्र लोकांनी पुढच्या वर्षी पैसे मोजले. २००९ साली ‘ब्रोकन स्टील’ नावाची विकतची पुरवणी आली आणि तिच्यात फॉक्सला आत पाठवायची सोय झाली. ती सोय वापरली तर शेवटचा निवेदक वर तुम्हालाच टोमणा मारतो, की खरा वीर आत गेला आणि तुम्ही बाहेर राहिलात. चूक लेखकाची, दुरुस्तीचं बिल गिऱ्हाइकाला आणि बोलणीही गिऱ्हाइकानंच खायची. असा धंदा मार्केट यार्डात करून दाखवा.

ज्यांच्या घरात अजून हा रोग शिरलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. रोल प्लेइंग गेम म्हणजे तुम्ही एक पात्र व्हायचं, भिडू गोळा करायचे आणि गोष्ट पुढं न्यायची. त्यातही निवडीचे गेम म्हणजे जागोजाग प्रश्न. याला मारू की सोडू, खरं बोलू की थाप मारू, गाव वाचवू की राजा. जाहिरातीत शपथेवर सांगतात, की तुमच्या प्रत्येक निर्णयाचे परिणाम होतील. पन्नास-साठ तास, पोरांच्या शब्दांत ‘फुल नाईट’ मारून, तुम्ही निर्णय घेत राहता. आणि शेवटी तुमच्या हातात तीन बटणं ठेवतात.

तीन बटणं ही अतिशयोक्ती नाही. ‘मास इफेक्ट’ ही बायोवेअर कंपनीची मालिका २००७ साली सुरू झाली. पहिल्या तिन्ही भागांत नायक तोच, कमांडर शेपर्ड. पहिल्या भागातली तुमची सेव्ह, म्हणजे तुमच्या निर्णयांची साठवलेली नोंद, दुसऱ्यात न्यायची, दुसऱ्यातली तिसऱ्यात. पाच वर्षांत माणसांनी लग्नं केली, पोरं झाली, पण सेव्ह जपून ठेवली. तिसरा भाग यायच्या आधी दिग्दर्शक मुलाखतीत सांगत होते, की शेवट अ, ब, क असा पर्याय निवडण्यासारखा नसेल. मार्च २०१२ मध्ये गेम आला. शेवटच्या काही मिनिटांत एका लहान पोराच्या रूपात एक अजब शक्ती उगवते, आपणच या सगळ्याच्या मुळाशी आहोत असं सांगते आणि तीन वाटा दाखवते. एक लाल, एक निळी, एक हिरवी. कुठल्याही वाटेनं गेलात तरी चित्रफीत जवळपास सारखीच, स्फोटाचा रंग तेवढा वेगळा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चिन्हं तरी वेगळी असतात हो.

लोक चिडले, पण काय देखणे चिडले! काहींनी बायोवेअरच्या कचेरीत चारेकशे कपकेक पाठवले. लाल, निळ्या, हिरव्या साखरेचे. आत सगळे व्हॅनिला. आजवर मी वाचलेलं हे सर्वांत नेमकं समीक्षण, आणि त्यात एक अक्षर नाही. आमच्या मराठी समीक्षकांनी ही पद्धत उचलायला हरकत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाला त्याच त्या सारणाच्या करंज्या पाठवाव्यात. कंपनीनं जूनमध्ये लांबवलेला शेवट फुकटात दिला. त्यात एक चौथा पर्याय घातला, तिन्ही वाटा नाकारण्याचा. तो निवडला तर सगळे मरतात. नोटा दाबणाऱ्याला धडा शिकवण्याची ही पद्धत आपल्या निवडणूक आयोगाला अजून सुचलेली नाही, हे नशीब.

आता लोक शेवटाला शिव्या घालतात, तिथं माझं जमत नाही. शेवट शेवटी बिघडलाच नव्हता. तो बिघडला मधल्या भागात, ज्या दिवशी भिडूंना कामावरून काढलं त्या दिवशी.

हे कसं होतं ते बघण्यासारखं आहे. ‘मास इफेक्ट’च्या दुसऱ्या भागात तुमच्याजवळ डझनभर भिडू असतात आणि शेवटच्या मोहिमेत त्यातला कुणीही मरू शकतो, तुम्ही कुणाला कुठं पाठवता त्यावर. थरार फर्स्टक्लास. पण तिसरा भाग लिहायला बसलेल्या लेखकाचा विचार करा. याच्या सेव्हमध्ये जेकब जिवंत, त्याच्यात मेलेला. याची समारा आहे, त्याची गेली. मग जे पात्र असेल-नसेल, त्याच्या खांद्यावर कथेचं वजन कोण टाकणार? तिसऱ्या भागात हे बहुतेक भिडू पाहुण्यासारखे येतात. एखादी मोहीम, दोन संवाद, शेवटी एक फोन. पहिल्या भागात रेक्स नावाचा जबरा भिडू असतो; तो तुमच्या हातून मेला असेल तर तिसऱ्या भागात त्याच्या खुर्चीवर रीव्ह नावाचा भाऊबंद बसलेला असतो आणि कारभार पुढं चालू राहतो. ॲशली आणि केडन यांतला एक पहिल्याच भागात तुम्हाला गमवावा लागतो. जो वाचतो तो दुसऱ्या भागात एका ठिकाणी भेटून रागावतो आणि निघून जातो.

म्हणजे ज्याच्या जगण्यामरण्याचा निर्णय तुमच्या हातात दिला, तोच माणूस पुढं बेकार झाला. खेळाडूला जितकं स्वातंत्र्य, तितकं भिडूला कमी काम. ही या धंद्यातली मेख आहे आणि जाहिरातीत ती कुणी छापत नाही.

दुसरं उदाहरण याहून सुरस. पहिल्या भागात रॅकनी नावाच्या किडेसदृश जमातीची शेवटची राणी तुमच्या तावडीत सापडते. सोडायची की जमातच संपवायची? लोकांनी इथं गेम थांबवून चहा प्यायला, विचार केला, बायकोला विचारलं. तिसऱ्या भागात पाहिलं तर राणी सोडली असेल तर राणी भेटते आणि मारली असेल तर शत्रूनं बनवलेली नकली राणी भेटते. मोहीम तीच, गुहा तीच, गोळ्या तेवढ्याच. शेवटाला जो युद्धबळाचा आकडा मोजतात त्यात थोडी बेरीज-वजाबाकी. एका अख्ख्या जमातीचा वंशविच्छेद, आणि परिणाम काय तर गुणपत्रिकेत काही मार्कांचा फरक.

पोलंडच्या ‘विचर’ मालिकेनं हाच पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. सोडवला म्हणजे गिळला. २०११ सालच्या दुसऱ्या भागात तुम्ही रोशच्या बाजूनं जाता की इऑर्वेथच्या, यावर मधला अख्खा अध्याय बदलतो. वेगळी छावणी, वेगळी माणसं, वेगळी कामं. एवढी हिंमत फार थोड्यांनी केलीय. आणि २०१५च्या तिसऱ्या भागात? रोश हजर आहे. इऑर्वेथ नाही. मेला नाही, परदेशी गेला नाही, बस नाही. ज्यांनी त्याच्यासोबत एक अख्खा अध्याय काढला त्यांनी काय समजायचं? पुण्याला नोकरीला लागला असेल.

२०२४ साली आलेल्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’नं तर घोंगडं भिजत ठेवायचंच बंद केलं. आधीच्या तीन गेममधल्या ढीगभर निर्णयांपैकी फक्त तीन पुढं चालवले. बाकी सगळं माफ. कर्जमाफीतही इतका सरळपणा पाहिला नव्हता.

पुतण्याला हे सगळं सुनावलं. तो मोटारीची पाळी असली की रात्र जागून असले गेम खेळतो. लॅपटॉप जुना आहे, पंखा उफणणीच्या यंत्रासारखा वाजतो, पण खेळ चालतो. मी विचारलं, तुला शेवट कसा वाटला रे? म्हणाला, “नाना, शेवटाला कोण जातंय? अर्ध्यात आलं की वाटतं आपण सुरुवातीला चुकलो. मग नवीन माणूस काढून पहिल्यापासनं.” त्याच्या दोस्तांचंही तेच. पहिलं गाव सगळ्यांना तोंडपाठ, शेवटचा किल्ला एकानंही बघितलेला नाही.

आणि हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं. कोण कुठवर पोचला याची नोंद त्यांच्याकडं आपोआप जमा होते, आणि घेतलेला गेम अर्ध्यावर सोडणारे ढिगानं असतात ही या धंद्यातली उघड गोष्ट आहे. मग पैसा कुठं ओतणार? पहिल्या दहा तासांवर. तिथं प्रत्येक कोंबडीला नाव असतं. शेवट बनवायला घेतात तेव्हा तारीख डोक्यावर आलेली असते, पैसे संपलेले असतात, आणि ज्याच्यासाठी बनवायचा तो पुतण्या तर नवीन माणूस काढून पहिल्यापासनं सुरू झालेला असतो.

तारखेनं खाल्लेल्या गेमचा मेरुमणी म्हणजे ‘नाईट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’चा दुसरा भाग. ऑब्सिडियन या कंपनीला दीडेक वर्षाहून कमी वेळ मिळाला आणि डिसेंबर २००४ मध्ये, नाताळच्या बाजारात, गेम दुकानात हजर. भिडू इतके अप्रतिम लिहिलेले, की आजही लोक त्या म्हातारीची, क्रेयाची, वाक्यं ऐकवतात. पण शेवटच्या ग्रहावर पोचेपर्यंत अर्धे भिडू कुठं गेले याचा पत्ता नाही. तुकडे मात्र गेमच्या पोटातच राहिले होते. आवाज रेकॉर्ड केलेले, प्रसंग अर्धवट. चाहत्यांनी वर्षानुवर्षं बसून, एक छदाम न घेता, ते शोधून शिवले. २०२२ साली स्विच यंत्रावर हा गेम पुन्हा विकायला काढला तेव्हा त्या शिवलेल्या भागाची पुरवणी देऊ असा वायदा होता. २०२३ साली ती पुरवणी रद्द झाली. एकाच गेमचा शेवट दोनदा कापला जाण्याचा हा विक्रम असावा.

शेवट कापला जाण्याबद्दल आम्हा जुन्नरकरांना परदेशातून शिकायची गरज नाही. नारायणगाव आमच्याच तालुक्यात, विठाबाईंचं नारायणगाव, तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी देतात. तमाशाचा क्रम ठरलेला. आधी गण, मग गवळण, मग लावण्या, बतावणी आणि सगळ्यांत शेवटी वग. म्हणजे खरी गोष्ट. पूर्वी वग रंगायचा तो कोंबडा आरवेपर्यंत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं. रात्री दहाला भोंगा बंद. सरकारनं ठरवलेल्या फार तर १५ दिवशी बारापर्यंत सूट. चैत्र-वैशाखातल्या जत्रा काही त्या यादीत बसत नाहीत. गण-गवळणीला वेळ जातो, मग तरण्या पोरांना सिनेमाची गाणी हवी असतात, ती झाली की घड्याळ दाखवायला माणूस उभाच. वगाला उरतो तो चिमूटभर वेळ. राजा गादीवर बसतो न बसतो तोच भैरवी. आवाजाच्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण कात्री कुठं लागते बघा: गाणी शाबूत, गोष्ट कापली. गेमवाल्यांचाही हाच हिशेब, मारामाऱ्या शाबूत आणि गोष्ट कापली.

तरीही वेळ मिळाला तर वगात फॉक्ससारखा प्रकार घडूच शकत नाही, कारण तिथं सोंगाड्या असतो. सोंगाड्याचं काम काय? राजा जे बोलला त्यातली खोट तिथल्या तिथं चव्हाट्यावर मांडणं. राजा म्हणाला, प्रधानजी, आता आम्हाला मरणाला सामोरं गेलंच पाहिजे, की हा विचारणार, “का वो? ह्यो रेडा हितं उभा हाय की, ह्याला धाडा!” आणि ते लेखकाला सुचलेलं नसलं तर त्या रात्री कथा वळणार. लिहिलेलं फार थोडं असतं, उरलेलं समोरच्या लोकांचा राग-रंग बघून. निवडीचा गेम म्हणतात तो हाच, फक्त निवड एका बटणाऐवजी हजार माणसांच्या हशात असते.

आणि फडात कुणी बेकार बसत नाही. गवळणीतली मावशी गवळण संपली की संपते, हे खरं. पण मावशी झालेला नट लुगडं सोडून वगात हवालदार नाहीतर सावकार होऊन परत येतो. माणूस फुकट बसवून जेवू घालणं फडमालकाला परवडत नाही. दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या ‘गाढवाचं लग्न’मध्ये तर गाढवालाही पहिल्यापासून शेवटपर्यंत काम आहे. नुसतं काम नाही, कथेची कळच त्याच्याकडं. आता कोट्यवधी डॉलरचे गेम घ्या आणि सांगा, गाढवाइतकं काम मिळालेले भिडू किती?

२०२० सालच्या ‘सायबरपंक २०७७’मधला जॅकी घ्या. सुरुवातीलाच भेटतो, मन मोकळं करतो, आईच्या हातचं खाऊ घालणारा गडी. त्याच्यासोबतचे सहा महिने गेमनं कसे दाखवले? एका गाण्याएवढ्या चित्रफितीत, भराभर. हॉटेलात खाल्लं, मारामारी केली, हसलो, झालं. त्यानंतर एक मोठी चोरी, आणि जॅकी मरतो. आता रडा. अरे, पण ज्याच्याशी माझी मैत्री तुम्ही पळवत दाखवली त्याच्यासाठी मी सावकाश कसा रडू? त्याच्या अंत्यविधीचा प्रसंग इतका चांगला लिहिलाय की जास्तच वाईट वाटतं. माणूस होता, जागा होती, लेखणी होती, फक्त तेवढे सहा महिने खेळायला द्यायचे राहिले.

घरचं उदाहरणही देतो, नाहीतर परक्यांवरच दात काढतो असं म्हणाल. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं २०२० साली ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ काढला. निवडीचा गेम नव्हे, सरळ रेषेतली साहसकथा. राजी ही सर्कशीतली पोरगी, असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत गोष्ट सांगतात. काय चित्रं, काय वाडे, काय भिंतीवरची नक्षी! त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. आणि शेवट? आला-आला म्हणेपर्यंत गेला. पाश्चात्त्य समीक्षकांनीही तेच लिहिलं. मला खटकतो तो गोलू. ज्याच्यासाठी ही पोरगी पृथ्वी पालथी घालते, तो पोरगा कसा आहे? भांडकुदळ की भित्रा, ताईला चिडवतो की तिच्या मागं लपतो? ठाऊक नाही. गोलू म्हणजे नुसता हरवलेला पत्ता. पत्ता सापडल्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं?

छोट्या कंपनीला मी फार बोलणार नाही. त्यांच्याकडं पैसे नव्हते. बायोवेअरकडं होते.

निवडीचे परिणाम म्हणजे काय असतात, हे बघायचं तर आमच्या बोरीला या. कुकडीच्या काठावर राखेचा एक थर आहे. राख ज्वालामुखीची, आणि ज्वालामुखी कुठला तर इंडोनेशियात सुमात्रा बेटावरचा टोबा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली, डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी अभ्यासली. आता प्रश्न एकच, राख किती वर्षांची? १९८९ साली उत्तर आलं साधारण १४ लाख. १९९५ साली दुसरं आलं, पावणेसात लाखांच्या आसपास. त्याच वर्षी तिसऱ्या गटानं राखेची रासायनिक जात तपासून सांगितलं, ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे ७५ हजार वर्षांपूर्वीची. तीन बटणं! पण इथं कुठलंही दाबा, मागचं सगळं हलतं. १४ लाख धरले तर बोरीची हत्यारं भारतातल्या सर्वांत जुन्या हत्यारांच्या पंगतीत जाऊन बसतात. ७५ हजार धरले तर ती पंगत उठते आणि हत्यारं त्या राखेजवळ आली कशी, थर नंतर वाहून आला की काय, इथपासून हिशेब नव्यानं. म्हणून तर माणसं तीस-तीस वर्षं भांडतात. ‘मास इफेक्ट’मध्ये रंग बदलला म्हणून कुणाचा भूतकाळ हललेला मी पाहिला नाही.

सगळेच वाया गेलेत असं मात्र नाही. ज्या ‘विचर’नं इऑर्वेथ गिळला त्याच तिसऱ्या भागानं सिरीचा शेवट असा बांधलाय की टोपी काढावी. सिरी ही नायक गेराल्टची मानसकन्या. शेवटी ती जगणार की नाही हे ठरतं ते कुठल्याही मोठ्या बटणावर नाही. ती खचलेली असताना तुम्ही तिला बाटली पुढं केली की तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलात? मोठ्या बायकांच्या सभेत तिला एकटीला बोलू दिलंत की बापासारखे शेजारी जाऊन बसलात? तिला मदत करून मेलेल्या पोराच्या थडग्यावर जायचं म्हणाली तेव्हा गेलात की घाई आहे म्हणालात? तेव्हा गेम काहीच सांगत नाही. शेवटी मात्र पोरगी त्यावर उभी राहते नाहीतर पडते. आमच्याकडचे कित्येक बाप हा गेम हरले असते. पात्राला काम दिलं की शेवट आपोआप त्याच्यातून निघतो, तो असा.

२०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’ दुसऱ्या बाजूनं शिकवणारा. ऑगस्टमध्ये आला तेव्हा भिडू जिवंत, संवाद फक्कड, पण लढाई संपल्यावर सगळे घाटावर उभे राहून घाईघाईत पांगत होते. लोकांनी कुरकुर केली. लारियन कंपनीनं नोव्हेंबरअखेर फुकटची भर घातली: सहा महिन्यांनंतरची एक रात्र, शेकोटी, सगळे भिडू एकत्र, प्रत्येकाकडं सांगायला काहीतरी. राक्षस नाही, लढाई नाही, नुसत्या गप्पा. लोक त्यावर खूश. तरी त्यातही विल नावाचा भिडू आहे, सरदाराचा पोर, सैतानाशी करार करून बसलेला. मसाला ठासून भरलेला, पण बाकीच्यांच्या मानानं त्याच्या वाट्याला लिहिलेलं कमीच. पंगतीत एकाच्या पानात वाढपी नेहमीच थोडं कमी टाकतो, आणि ते पान नेमकं सभ्य माणसाचं असतं.

नारायणगावात एक पद्धत आहे. वग पडला, फडानं गावाला फसवलं, तर पुढच्या पाडव्याला गावचे पुढारी त्या राहुटीवरून तोंड फिरवून पुढं जातात. सुपारी दुसऱ्याला. फडमालकाला कारण विचारायचीही गरज पडत नाही. गेमवाल्यांचं उलटं. गेम बाहेर यायच्या आधी पूर्ण पैसे, वर त्या आगाऊ गिऱ्हाइकाला खूश करायला एक सोनेरी तलवार.

पुढच्या ‘मास इफेक्ट’ची घोषणा २०२०च्या नोव्हेंबरातच झालीय. गेमचा अजून पत्ता नाही. पुतण्याला विचारलं, आता तरी शहाणा होशील ना? तो म्हणाला, “नाना, बुकिंग चालू झालं की तुमचं कार्ड लागंल. माझ्या कार्डाला लिमिट कमी हाय.”